ई-सायकल : घरची दुरुस्ती आणि जोडसाहित्य

ई-सायकल नवी असते तोवर तिच्याविषयी फारसा विचार करावा लागत नाही. पहिला पावसाळा येतो, पहिले पंक्चर होते किंवा ऐन कचेरीच्या वेळेला मोटर अबोला धरते, आणि मग मालकाची पंचाईत सुरू होते. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मागच्या चाकातील जाड वायर पाहून हात लावण्यास कचरतो. दुचाकी दुरुस्त करणारा मेकॅनिक 'हे आमचे काम नव्हे' म्हणतो आणि कंपनीचे सेवा केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. वास्तविक या वाहनातील तीन चतुर्थांश भाग साध्या सायकलचेच असतात. उरलेल्या विद्युत भागातही वारंवार उद्भवणारे बिघाड मोजकेच असून त्यांतील बरेचसे अर्ध्या तासात घरी दुरुस्त होण्याजोगे आहेत. मात्र काही ठिकाणी हात न लावणे हेच शहाणपण असते. या दोन्हींमधील सीमारेषा स्पष्ट व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

कल्पना जुनी, वापर नवा

चाकाच्या मध्यभागी मोटर बसवण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील ऑग्डन बोल्टन यांना अशा सायकलचे पेटंट १८९५ साली मिळाले. पायडलला मोटरची जोड देणारी आधुनिक सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे आज सर्रास दिसणाऱ्या ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. तिच्या रचनेचे पाच घटक ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे होते : बॅटरी, मोटर, या दोहोंमधील नियंत्रक म्हणजे कंट्रोलर, चालकाची इच्छा कळवणारे भाग (पायडलचा सेन्सर व थ्रॉटल) आणि ब्रेक दाबताच मोटर तोडणारा स्विच.

बॅटरी बहुधा ३६ व्होल्टची असते. लिथियम-आयन प्रकारात तिच्यात दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते आणि ३० व्होल्टच्या आसपास तिचे संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. बॅटरीवर ७.५ अँपिअर-तास असे लिहिले असेल तर त्याला ३६ ने गुणावे. २७० वॉट-तास हा तिचा साठा झाला. दर किलोमीटरला दहा वॉट-तास खर्च धरल्यास पल्ला सुमारे २७ किलोमीटर येतो. चढ, समोरचा वारा आणि टायरमधील कमी हवा यांनी तो चटकन घटतो. 'बॅटरी उतरली' अशी तक्रार घेऊन आलेल्या सायकलला पुष्कळदा फक्त पंप हवा असतो. टायरच्या कडेवर छापलेला हवेचा दाब दर आठवड्याला तपासावा.

कोणती हत्यारे हवीत?

चार, पाच व सहा मिलिमीटरच्या ॲलन की, पंधरा व अठरा नंबरचे पाने, एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, पंक्चरचे साहित्य, झिप टाय, इन्सुलेशन टेप, सिलिकॉन ग्रीस आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर एवढा संच पुरेसा आहे. मल्टिमीटरचा बाऊ करण्याचे कारण नाही. त्याची खुंटी डीसी २०० व्होल्टवर ठेवून काळी तार ऋण व लाल तार धन टोकाला लावली की आकडा दिसतो. तारांची टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत, एवढीच काळजी. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना किंवा अंगठी आडवी पडली तर ठिणगी उडून भाजते. म्हणून काम करताना हातातील धातूचे दागिने काढून ठेवावेत.

पहिला नियम असा, की वायरीला किंवा मागच्या चाकाला हात लावण्यापूर्वी सायकल बंद करून बॅटरी काढून ठेवावी. थ्रॉटलला चुकून धक्का लागला तर अधांतरी चाक क्षणात पूर्ण वेगाने फिरते आणि आऱ्यांत अडकलेले बोट वाचत नाही. दुसरा नियम म्हणजे काहीही खोलण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढावे. वायसर कोणत्या क्रमाने होते, वायर कोठून वळली होती, हे जोडताना हमखास विसरते.

सायकल बंद पडली तर

बिघाड शोधताना क्रम सोडू नये. आधी हँडलवरचा डिस्प्ले पाहावा. तो उजळतच नसेल तर दोष बॅटरीकडे आहे. बॅटरी खाचेत पूर्ण बसली आहे का, तिची किल्ली व स्विच चालू आहे का, फ्यूज शाबूत आहे का आणि टोकांवर हिरवट थर चढला आहे का, हे पाहावे. थर असल्यास बॅटरी काढून सुक्या कापडाने, आवश्यक तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसावा. त्यानंतर मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत. ३६ च्या वर आकडा असेल तर बॅटरीत काम चालण्याइतका साठा आहे. शून्य आला तर संरक्षक सर्किटने पुरवठा तोडला असण्याचा संभव असतो. तिच्याच चार्जरला थोडा वेळ जोडल्यावर ती जागी झाली तर ठीक. न झाल्यास पुढचे काम जाणकाराचे.

डिस्प्ले चालू आहे, पण मोटर फिरत नाही, ही तक्रार सर्वाधिक आढळते. तिचे सर्वांत सामान्य कारण मोटरमध्ये नसून ब्रेकच्या दांडीत असते. ब्रेक दाबला की आतील छोटा स्विच कंट्रोलरला 'थांब' असा संदेश देतो. पावसाचे पाणी शिरून किंवा धूळ साचून दांडी पूर्ण परत आली नाही तर हा संदेश चालूच राहतो आणि मोटर इमानाने थांबलेली राहते. दोन्ही दांड्या बोटाने पुढे ढकलून पाहाव्यात. फरक पडला नाही तर या स्विचचे प्लग एकेक करून काढावेत. बहुतेक सायकलींत सदोष स्विचचा प्लग काढताच मोटर चालू होते. याचा अर्थ दोष सापडला, दुरुस्ती झाली असे नव्हे. तो स्विच बदलून प्लग पुन्हा जोडलाच पाहिजे. अन्यथा ब्रेक दाबला असतानाही मोटर पुढे ओढत राहील.

थ्रॉटलवर सायकल चालते, पण पायडल मारल्यावर साहाय्य मिळत नाही, असे असेल तर क्रँकजवळील सेन्सर पाहावा. तेथे चुंबक बसवलेली एक चकती पायडलबरोबर फिरते आणि तिच्याशेजारी स्थिर सेन्सर असतो. दोहोंतील अंतर दोन-तीन मिलिमीटर असावे. दगड लागून चकती सरकली किंवा चिखल भरला तर संदेश तुटतो. चकती काढून उलटी बसवली गेली तरी साहाय्य मिळत नाही, कारण पायडल मागे फिरत असल्याचा सेन्सरचा समज होतो. याउलट पायडलचे साहाय्य मिळते पण थ्रॉटल निर्जीव आहे, असे असल्यास त्याचा तीन तारांचा प्लग पाहावा. थ्रॉटल स्वतंत्र विकत मिळतो व बदलण्यास सोपा असतो. मात्र प्लगचा आकार आणि तारांचा क्रम जुन्याशी जुळवून मगच घ्यावा.

मोटर थरथरते, घरघरते आणि चाक पुढे-मागे उसळते, हे लक्षण निराळे. मोटरकडे तीन जाड तारा वीज नेतात आणि बारीक तारा चुंबकाची स्थिती कळवतात. यांतील एखादी सैल झाली की मोटरला ताल सापडत नाही. मागच्या चाकाजवळचा गोल प्लग पाहावा. त्याच्या दोन्ही भागांवर बाणाची खूण असते. बाण समोरासमोर आणून प्लग सरळ दाबावा आणि काढतानाही सरळच ओढावा. पिळला तर आतील सुया वाकतात. प्लग पूर्ण बसूनही थरथर राहिली तर सायकल चालवू नये. डिस्प्लेवर उमटणाऱ्या सांकेतिक आकड्यांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने त्यासाठी सायकलसोबत आलेली पुस्तिकाच ग्राह्य धरावी.

पंक्चर आणि मागचे चाक

मोटरचे चाक खोलल्याशिवाय पंक्चर निघत नाही, हा गैरसमज आहे. आपल्याकडील पंक्चरवाले पिढ्यान्‌पिढ्या चाक जागेवर ठेवूनच टायरची एक बाजू रिमबाहेर काढतात, ट्यूब ओढून पाण्यात धरतात आणि ठिगळ लावतात. हीच पद्धत येथेही चालते. टायरच्या आत बोट फिरवून काटा किंवा काच काढली नाही तर संध्याकाळी पुन्हा तेच काम करावे लागते.

टायर किंवा ट्यूब बदलायचीच असेल तर मात्र चाक काढावे लागते, आणि येथे या लेखातील पहिली गंभीर सूचना आहे. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तितक्याच जोराने ती स्वतःच्या आसाला उलट पिळत असते. साध्या सायकलच्या आसावर असा ताण नसतो. हा पीळ रोखण्यासाठी आस दोन बाजूंनी चपटा केलेला असतो आणि फ्रेमच्या खाचेत दाताच्या खास वायसरने किंवा पट्टीने धरलेला असतो. तो वायसर उलटा बसला, हरवला किंवा नट सैल राहिला, तर आस खाचेत गरकन फिरतो, मोटरची वायर पिळून तुटते आणि चाक निखळूही शकते. म्हणून चाक काढताना आधी मोटरचा प्लग सोडवावा, वायसरचा क्रम टिपून ठेवावा आणि बसवताना आस खाचेच्या तळाला टेकल्याची खात्री करावी. पुस्तिकेत निराळा आकडा नसेल तर नट साधारण ४० न्यूटन-मीटर एवढे आवळावेत. वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर सुमारे वीस किलोचा जोर दिला की तेवढे होते. पन्नास किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत.

ब्रेक व साखळी

ई-सायकलचे वजन वीस-पंचवीस किलो असते आणि ती सतत वेगात धावते. त्यामुळे ब्रेक लवकर झिजतात. डिस्क ब्रेकच्या पॅडवरील अस्तर एक मिलिमीटरवर आले की ते बदलावे. डिस्क एका बाजूला घासून 'खिस्‌ खिस्‌' आवाज येत असेल तर पकडीचे दोन बोल्ट किंचित सैल करावेत, ब्रेकची दांडी दाबून धरावी आणि तशीच धरून बोल्ट आवळावेत. पकड आपोआप मध्यावर येते. डिस्कवर तेलाचा थेंबही पडता कामा नये. गंज सोडवणारा फवारा साखळीवर मारताना तो डिस्कवर उडतो आणि दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागत नाही. डिस्क पुसण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. तेल मुरलेले पॅड मात्र बदलणेच बरे.

साखळीची झीज मोजण्यास घरातील फूटपट्टी चालते. नव्या साखळीत एक पिन सोडून एक अशा बारा पूर्ण जोड्यांचे अंतर बरोबर बारा इंच भरते. ते एक सोळांश इंचाने वाढले की साखळी बदलावी, नाहीतर ती दात्यांनाही खाते.

जोडसाहित्य बसवताना

मडगार्ड, कॅरिअर, आरसा, मोबाइलचा स्टँड, बाटलीची जाळी, कुलूप आणि दिवे या वस्तू बसवताना फ्रेमला छिद्र पाडू नये, हे आधी सांगितले पाहिजे. पातळ ॲल्युमिनियमच्या नळीत पाडलेल्या छिद्रापासून तडा सुरू होतो, आतून जाणारी वायर कापली जाण्याचा धोका असतो आणि हमीही संपते. फ्रेमवर तयार आटे असतील तेथेच बोल्ट लावावा. नसतील तेथे रबरी अस्तराची क्लॅम्प वापरावी. तयार आटे बहुधा पाच मिलिमीटर बोल्टचे असतात. तो आधी हाताने फिरवावा आणि सहज गेला तरच पाना लावावा. ॲल्युमिनियममधील आटा एकदा मारला गेला की दुरुस्ती खर्चिक होते. चार-पाच न्यूटन-मीटर, म्हणजे लहान ॲलन की दोन बोटांत धरून लागेल एवढाच जोर पुरे. हादऱ्यांनी बोल्ट सुटू नये म्हणून नायलॉनचा नट लावावा.

कॅरिअरवर कोरलेली वजनमर्यादा पाहूनच सामान लादावे. बॅटरीही कॅरिअरवरच असेल तर तिचे वजन त्या मर्यादेतून वजा करावे. केवळ सीटच्या दांडीला पकडणाऱ्या कॅरिअरवर मूल कधीही बसवू नये. मुलासाठी फ्रेमला खाली दोन्ही बाजूंनी टेकणारा आधार, पट्टा आणि पाय चाकात जाणार नाहीत असे आवरण असलेलेच आसन हवे.

मडगार्ड व टायर यांत बोट सहज फिरेल एवढी फट ठेवावी. पावसात तेथे चिखल साठतो. पुढच्या मडगार्डची तार सैल होऊन चाकात गेली तर चाक जागच्या जागी अडकते आणि चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. स्वस्त मडगार्डची हीच खरी किंमत असते. आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात, म्हणून एकच आरसा घ्यायचा तर तो उजवा घ्यावा. हँडलवर काहीही बसवल्यावर ते दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावे. वायर ताणली जाता कामा नये आणि ब्रेकची दांडी शेवटपर्यंत दाबता आली पाहिजे. कुलपाची साखळी मोटरच्या वायरीवरून घालू नये. सामानाच्या पिशव्यांनी मागचा लाल रिफ्लेक्टर झाकला जाणार नाही, हेही पाहावे.

दिव्यांची जोडणी

सर्वांत सोपा व सुरक्षित दिवा म्हणजे स्वतःचा सेल असलेला, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा. कंट्रोलरमधून दिव्यासाठी स्वतंत्र वायर काढलेली असेल तर पुस्तिकेत दिलेल्या व्होल्ट व वॉटमध्ये बसणारा दिवा तेथे जोडता येतो. मोटारसायकलचा १२ व्होल्टचा दिवा ३६ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडणे म्हणजे तो जाळणे. त्यासाठी मधे व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर लागतो, आणि येथे एक चूक हमखास होते. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या एलएम २५९६ चिपच्या साध्या कन्व्हर्टरची मर्यादा ४० व्होल्ट असते. '३६ व्होल्टची' बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते, म्हणजे नेमका चार्ज केल्यानंतरच तो जळण्याचा धोका. ६० व्होल्ट सहन करणारा कन्व्हर्टर घ्यावा आणि बॅटरीकडील धन तारेत एक अँपिअरचा फ्यूज घालावा. पाच वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. तेव्हा हा फ्यूज पुरून उरतो.

काहीजण बॅटरी उघडून तिच्या मधल्या तीन सेलमधून १२ व्होल्ट काढतात. हा प्रकार पूर्णतः वर्ज्य समजावा. ते तीन सेल इतरांपेक्षा आधी रिकामे होतात, सेलमधील समतोल बिघडतो आणि बॅटरी कायमची नादुरुस्त, प्रसंगी धोकादायक होते.

पाऊस आणि पाणी

पावसात भिजल्याने ई-सायकल बिघडत नाही. पाणी प्लगमध्ये साठल्याने बिघडते. प्रत्येक प्लगच्या अलीकडे वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथून टपकते, प्लगपर्यंत जात नाही. प्लगच्या रबरी कडेला सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. आयपीएक्स ४ हे मानांकन शिंतोडे सोसण्याचे आहे, बुडण्याचे नव्हे. गुडघाभर पाण्यातून सायकल नेल्यास हब व कंट्रोलरमध्ये पाणी शिरू शकते. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने ती कधीही धुऊ नये. ओल्या कापडाने पुसावी. भिजलेली बॅटरी पुसून, टोके पूर्ण कोरडी झाल्यावरच चार्जिंगला लावावी.

बॅटरी : येथे थांबावे

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या विद्युत दुचाकीच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाला प्राण गमवावे लागले. ई-सायकलची बॅटरी आकाराने लहान असली तरी रसायन त्याच जातीचे आहे. म्हणून बॅटरीचे कवच उघडणे, सेल बदलणे, डाग देणे ही कामे घरगुती दुरुस्तीत मोडत नाहीत. चार्जर तिच्यासोबतचाच किंवा त्याच कंपनीचा असावा. प्लग बसतो म्हणून ५४.६ व्होल्टचा चार्जर ३६ व्होल्टच्या बॅटरीला लावणे आगीला आमंत्रण देणारे आहे. चार्जिंग जागेपणी, फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर करावे. दारात किंवा जिन्यात करू नये, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. उन्हात तापून आलेली बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. पडलेली, फुगलेली, विचित्र वास येणारी वा विनाकारण गरम होणारी बॅटरी चार्ज करू नये, घरातही ठेवू नये; मोकळ्या जागी ठेवून विक्रेत्याला कळवावे. महिनाभर सायकल वापरायची नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी. निकामी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकण्यास २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार मनाई आहे.

वेगमर्यादेशी खेळ नको

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) नुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटर कमाल वेग या मर्यादेत बसणाऱ्या मान्यताप्राप्त ई-सायकलला नोंदणी व परवाना लागत नाही. याच नियमात योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल रिफ्लेक्टर अपेक्षित आहे. कंट्रोलरमधील एक वायर तोडून वेग वाढवण्याची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात. ती केल्यावर ती सायकल कायद्याच्या दृष्टीने नोंदणी व विमा नसलेले मोटार वाहन ठरू शकते. अपघातात कोणी जखमी झाले तर त्याचा भार कोण उचलणार, हा प्रश्न तेव्हा केवळ कागदी राहत नाही.

महिन्यातून एक रविवार

महिन्यातून एकदा अर्धा तास द्यावा. टायरची हवा, मागच्या आसाचे नट, ब्रेकचे पॅड, कॅरिअर व मडगार्डचे बोल्ट, साखळीला तेल, आऱ्यांचा ताण आणि वायरींच्या वळणावरील झीज एवढे पाहावे. आऱ्यांवर हलकेच टिचकी मारल्यास ताणलेला आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द वाजतो. मोटरच्या चाकातील एक आरा तुटला की ताण शेजारच्या आऱ्यांवर येतो. म्हणून तो त्याच आठवड्यात बदलून घ्यावा.

पाना हाती घेणाऱ्याने कोणते काम घरचे, कोणते दुकानाचे आणि कोणते मुळीच करायचे नाही, हे आधी ठरवावे. प्लग, सेन्सर, ब्रेक, पंक्चर व क्लॅम्प हे घरचे काम. मोटर व कंट्रोलरचा आतील भाग दुकानाचा. आणि बॅटरीचे कवच कोणीही घरी उघडायचे नाही. एवढे पथ्य पाळले तर सायकल सकाळी रस्त्यावर नेताना तिच्या नटबोल्टांची माहिती आपल्याला असते, आणि मधेच ती थांबली तरी कोठून पाहायला सुरुवात करायची हे ठाऊक असते.